वर ऱ्हायला दोरा

१

पडदा सरकवला, तर चित्रातल्या पोरीला उजवा हात नव्हता.

खांद्यापासून बोटांपर्यंतचा तुकडा कुणीतरी कापून नेला होता. तेवढ्या जागेतून मागची पांढरी भिंत दिसत होती, अगदी हाताच्या आकाराची. बाकी चित्र जसंच्या तसं होतं. मातीचं घर, वर माळवद, माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं गोल सानं, त्या सान्यातून चुलीपर्यंत उतरलेलं चांदणं, आणि चांदण्यात वाकळेवर निजलेली सहा-सात वर्षांची पोर.

लातूरच्या त्या क्लासच्या पोर्चमध्ये एका भिंतीला डॉक्टर झालेल्या मुलामुलींचे फोटो होते. समोरच्या भिंतीला हे चित्र, मेसमधल्या उमाबाईंच्या ओवीवरून काढलेलं. भूकंपाला दुसऱ्या दिवशी तीस वर्षं होत होती आणि पडदा पाहुण्यांच्या हातून निघायचा होता.

"झालं कल्याण," क्लासचे संचालक बजरंग सर म्हणाले. ते फिजिक्स शिकवत. संकटातसुद्धा त्यांचा आवाज फळ्यासमोरचाच असे. "सिंधुताई, तुमचं मौन बारापर्यंत ना? असू द्या. तोंड बंद असलं तरी कान चालू आहेत. मेसमधला तुपाचा डबा तुम्हीच शोधला होता. हाही चोर तुम्हीच धरायचा."

सिंधुताई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. आधी शाळेत मराठी शिकवायच्या. चातुर्मासात सकाळची पूजा झाल्यापासून बारापर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम पुष्कळ वर्षांचा. त्यांनी मान हलवली आणि चित्राजवळ गेल्या.

भांडणाचं मूळ त्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी चित्र टांगलं तेव्हा त्या तिथेच होत्या. पोरीच्या उजव्या दंडाला अनंत चतुर्दशीला बांधतात तो अनंताचा तांबडा दोरा काढलेला होता. ऑफिस सांभाळणारा भीमाशंकर देवळाच्या कमिटीत होता. तो लगेच म्हणाला होता, "पुरुषाचा दोरा उजव्या हाताला, बाईमाणसाचा डाव्या. पोरीच्या उजव्या दंडाला दोरा? ह्ये चुकलंय." बजरंग सर म्हणाले होते, "चुकलंय तर दुरुस्त करा." सिंधुताईंच्या स्वतःच्या डाव्या दंडाला त्याच दिवशी बांधलेला दोरा होता, त्यांनाही ते खटकलंच होतं. वसतिगृहाच्या फाटकावर बसणारे किशनराव चहाचा कप हातात धरून चित्राकडे बघत उभे होते. "ह्या पोरीला असं कुणी सांगितलं?" असं काहीसं पुटपुटून ते निघून गेले होते. कप तसाच भरलेला कठड्यावर राहिला होता.

चित्र काढणारी नाजिया मात्र एवढंच म्हणाली होती, "चित्र बरोबर आहे, सर. मी बदलणार नाही."

आणि सकाळी हात नाहीसा.

"दोनच शक्यता," बजरंग सर म्हणाले. "एक तर भीमाशंकरनं रागानं कापलं. नाहीतर हिनंच. रात्रीतून चूक उमगली, कबूल करायची लाज वाटली, म्हणून पुरावा गायब." ते नाजियाकडे वळले. "संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर उद्या ही भिंत रिकामी राहील, आणि लातूर-नांदेडातला एकही क्लास तुला काम देणार नाही. आता मशीनमध्ये कविता टाकली की मिनिटात चित्र येतं, नाजिया. आणि मशीन उलटून बोलत नाही."

नाजिया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिचे वडील ताहेर नांदेडला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश वाळून गेला. घरातलं रंगाचं काम आता हिच्या टॅबलेटवर चालत होतं, आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं.

सिंधुताई कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होत्या. रागानं फाडलं असतं तर ओरखडे उठले असते. हे पात्याने सावकाश कापलं होतं. पोरीच्या गालाजवळ आल्यावर पातं थांबलं होतं, आणि गालाला वळसा घालून पुढे गेलं होतं.

२

बाराला तुळशीचं पाणी पिऊन सिंधुताईंनी मौन सोडलं आणि ऑफिसात गेल्या.

भीमाशंकर आधीच तयार होता. "माझ्यावर आळ आलाय म्हणं. बाई, म्या बोललो ते तोंडावर बोललो. चोरून कापायला म्या उंदीर हाय का?"

"राग तर आला होता ना, भीमाशंकर?"

"आला व्हता. पण कापून काय व्हतंय? मागल्या साली बॅनरवर 'गुणवंत'चं 'गुणवंट' झालं. सरांनी मला भर पोर्चात झाडलं. एक फोन केला, नांदेडाहून दुसरा बॅनर आला. चित्र कॉम्प्युटरातच असतंय. हितलं जाळलं तरी तिकडून पुन्हा निघतंय." त्याने पानाची पिंक आवरली. "मला बदलायचंच असतं तर म्या छापखान्यालाच फोन केला असता की."

सिंधुताई उठता उठता थांबल्या. तो जे सहज बोलून गेला, त्यातच सगळं होतं.

भीमाशंकरला ठाऊक होतं, चित्र पुन्हा निघतं. बजरंग सरांना ठाऊक होतं. नाजियाला तर होतंच, तिला पुरावा लपवायचा असता तर टॅबलेटवर बोट फिरवून दोरा पुसता आला असता. कापण्याचा उपयोग एकाच प्रकारच्या माणसाला. चित्र जगात एकच असतं, आणि त्यातला हात काढून नेला की तो गेला, असं ज्याला वाटतं त्याला.

असं माणूस त्या आवारात कोण, ते त्यांच्या लक्षात आलं. पण का, ते येईना. त्यांनी नाजियाला गाठलं. ती पाहुण्यांच्या खोलीत टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती. काचेवर ते चित्र अख्खं होतं, हातासकट.

"जेवलीस का?"

"भूक नाही, मॅडम."

"मलाही आज उपासच आहे. सरक." सिंधुताई तिच्याशेजारी कॉटवर बसल्या. "ही ओवी उमाबाईंची. मी शंभरदा ऐकली आहे. त्यात कुठला हात ते नाही."

मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या उमाबाई ती ओवी रोज म्हणत. किशनरावांच्या त्या बायको. काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेले, पण भाकरी हाताला दिसते म्हणायच्या. ओवी अशी होती:

अनंताच्या सांजं। दोरा रेशमाचा लाल
दंडाला बांधिला। बाळ झोपलं खुशाल

सान्यातनं आलं। चांदणं माझ्या घरा
घर गेलं खाली। वर ऱ्हायला दोरा

"ओवीला चालतं, मॅडम," नाजिया म्हणाली. "नुसतं 'दंड' म्हणून पुढं जाता येतं. चित्राला नाही चालत. मला हात काढावाच लागतो, डावा नाही तर उजवा. सानं कुठं होतं, चूल कुठल्या बाजूला, पोर कुठल्या कुशीवर निजायची, सगळं विचारून विचारून मी उमानानीचं डोकं खाल्लं. नानी म्हणायच्या, मेल्यावर यमसुद्धा एवढं विचारत नसंल."

"हातही विचारलास."

नाजिया गप्प झाली.

"आणि त्यांनी उजवा सांगितला."

"वचन दिलंय, मॅडम. मी नाही सांगणार. काम गेलं तरी चालेल."

तिने सांगितलं नाही. पण तिची नजर एकदा खिडकीतून मेसच्या धुराड्याकडे गेली आणि परत खाली आली.

३

उमाबाई परातीसमोर बसल्या होत्या. संध्याकाळच्या भाकरीचं पीठ मळून झालं होतं.

"सिंधुबाई व्हय? तुमच्या पायाचा आवाज वळखू येतो. देवाला निघाल्यागत चालता."

"उमाबाई, चित्राचं ऐकलंत?"

"ऐकलं. पोरीला बोल लावून राहिलेत सगळे." उमाबाईंनी पीठ दाबलं. "लई गुणाची पोर हाय. जिभंची पक्की. माझ्यापायी तिची भाकर जाणार बगा."

"तिने मला काही सांगितलं नाही."

"न्हाई सांगणार. म्हणून तर तिला सांगितलं. तू आमच्यातली न्हाईस, म्हणलं, तुला डावंउजवं कळत न्हाई, तुझ्याजवळ बोलते." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "बाई, त्या सांजंला म्या आमच्या सुमीला दोरा उजव्या दंडाला बांधला. शेजारच्या शिवाला उजव्या हाताला बांधला, आन् हिनं रडून घर डोक्यावर घेतलं. मलाबी शिवासारखाच पायजे. म्या म्हणलं, बांध मेली एकदाची, कोण बघतंय. ह्ये गणपती बुडवायला गेलते. आले आन् वसरीवर निजले. सुमीला आत येऊन बघितलंच न्हाई."

सिंधुताईंचा हात स्वतःच्या दंडावरच्या दोऱ्याकडे गेला.

"आन् पहाटं घर गेलं. मला सान्यातनं वढून काढली, दवाखान्यात शुद्धीवर आले तवर सगळं उरकलं व्हतं. देवाच्या कामात डावंउजवं केलं म्या. त्येचं फळ पोरीनं घेतलं. पुन्हा कूसबी उजवली न्हाई माझी."

"असं नसतं हो."

"तुम्ही नेमधर्माच्या बाई. तुम्हीच सांगता असं नसतं?" उमाबाई हसल्या. त्या हसण्यात काही नव्हतं. "तीस वर्सं ह्येंना बोलले न्हाई. म्हणलं, ज्याच्या हातानं लेकीला अग्नी दिला, त्याला कशापायी सांगू. पण नाजियाला म्हणलं, तू खरं काढ. चारचौघांत भिंतीवर लाव. मला दिसत न्हाई, पण देवाला दिसंल. माझं कबूल केल्यागत व्हईल."

"किशनरावांनी सुमीला ओळखलं कशावरून?" सिंधुताईंनी विचारलं.

"दोऱ्यावरनंच म्हणं. तोंड वळखायजोगं नव्हतं. म्हणले, दोरा बघून वळखली." उमाबाईंनी पिठाचा गोळा हातावर घेतला. "बरं झालं, बांधला तरी व्हता."

मेसच्या पायऱ्या उतरताना सिंधुताईंना कालची संध्याकाळ आठवली. चित्र बघून सगळे म्हणाले होते, चुकलंय. एकट्या किशनरावांनी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, असं कुणी सांगितलं. चूक आहे असं वाटणारा माणूस कुणी सांगितलं विचारत नाही. हे खरं तर नसेल ना, अशी ज्याला भीती वाटते, तो विचारतो.

मुलींचा घोळका बाजूने गेला. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, बरं नाही का?" सिंधुताईंनी हात हलवला आणि फाटकाकडे निघाल्या.

४

किशनराव फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. सिंधुताईंना येताना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही.

"बसा, बाई. मला वाटलंच तुम्ही येणार."

"कशानं कापलंत?"

"दाढीच्या पात्यानं." त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "हितं हाय. फेकून द्यावा म्हणलं. फेकवंना. हात हाय तो."

रस्त्यावरून क्लासची बस गेली. ते थांबले, मग स्वतःहूनच बोलू लागले, कुणी विचारलं नव्हतं.

"आमच्या आन् शेजारच्या घरामदी एकच भिंत व्हती. ती पडली, तशी दोन्ही घरं एक झाली. वरनं पाऊस, खाली चिखल. म्या नुसताच हाका मारत फिरून राहिलो. त्या भिंतीखाली एक हात वर आलेला. दंडापातूर. चिखलानं माखल्याला, पण दोरा तांबडा दिसत व्हता. उजवा हात. म्या म्हणलं, ह्यो शेजारचा शिवा. त्येची माणसं येतील."

सिंधुताईंनी डोळे मिटले.

"सुमीच्या हातातल्या बांगड्या फुटल्या असतील. म्या बघितलंच न्हाई. सुमी घरात निजली व्हती, म्हणून म्या घराचा ढीग उकरत बसलो. भिंतीनं लोटली असंल तिला तिकडं, ते ध्यानात आलं न्हाई. दोन दिसांनी एक पोर निघाली, डाव्या दंडाला दोरा. तोंड न्हवतंच. म्या म्हणलं, हीच. तिला अग्नी दिला." त्यांनी खिशावरचा हात काढला नाही. "कुणाची पोर व्हती, देवाला ठावं. तिचा बाप बी हुडकत बसला असंल."

"आणि तो भिंतीखालचा..."

"बोटं हालत व्हती, बाई."

देवाला काही विचारावं असं सिंधुताईंना आयुष्यात प्रथमच वाटलं, आणि काय विचारावं ते सुचलं नाही.

"तीस वर्सं म्हणत आलो, दुसऱ्याचं पोर टाकून गेलो. त्याचंच पाप वाहत व्हतो," किशनराव म्हणाले. "ती ओवी म्हणायला लागली की भाईर जाऊन बसायचो. काल चित्र बघितलं. तोच हात. तेवढाच, तसाच. ती नांदेडची पोर कुठनं काढंल असा? तिला उमीबिगर सांगणार कोण?"

"उमाबाईंना यातलं काही माहीत नाही."

"न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या. उद्या लोकं म्हणतील, उजव्या हाताला दोरा हाय, आन् ती मला विचारंल, तुम्ही उजव्या दंडावरनंच वळखली न्हवं? म्या काय सांगू?" त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "ते चित्र पुन्हा निघतंय म्हणं. मला ठावं नव्हतं. नव्यात दोरा डावीकडं घाला म्हणावं. मग मला पोलिसात द्या."

५

संध्याकाळी बजरंग सरांच्या केबिनमध्ये भीमाशंकर आणि नाजिया उभे होते. सिंधुताई आत आल्या तेव्हा सरांनी खुर्ची पुढे केली.

"बोला, ताई. धरला का चोर?"

सिंधुताईंकडे सगळं उत्तर तयार होतं. पात्यापासून ओवीपर्यंत एकही कडी सुटलेली नव्हती. ते बोललं की नाजिया सुटत होती, आणि मेसमधल्या त्या बाईला सगळं आवार सांगणार होतं की तुझी लेक जिवंत होती. त्यांनी नाजियाकडे बघितलं. नाजियाने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ती चित्रकार होती, तिला चेहरे वाचायची सवय होती. काय घडलं ते तिला कळलं नसावं. पण कुणाला लागणार, एवढं कळलं.

"ताई?" सर म्हणाले.

बारा कधीच वाजून गेले होते. तरी सिंधुताईंच्या तोंडून शब्द निघेना.

"मीच कापलं, सर," नाजिया म्हणाली. "भीमाशंकरकाकांचं बरोबर होतं. माझी चूक झाली."

"बघा," भीमाशंकर म्हणाला. पण त्याचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

बजरंग सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्याचं तेवढं दुरुस्त करून दे. त्यानंतर तू तुझ्या रस्त्याने, आम्ही आमच्या. आणि कुणी विचारलं तर मी खरं ते सांगणार."

पाहुण्यांच्या खोलीत नाजियाने टॅबलेट उघडला. सिंधुताई दारात उभ्या राहिल्या. माफी मागायची होती, पण त्या माफीबरोबर सगळंच सांगावं लागलं असतं. नाजियाने दोरा पुसायला बोट टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं.

"नाही पुसवत, मॅडम," ती म्हणाली.

मग तिने एकच बटण दाबलं. अख्खं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटलं. दोरा डाव्या दंडाला गेला. चूल दाराच्या जागी आली, दार चुलीच्या. नानीचं डोकं खाऊन महिनाभर एकेक वीट विचारून रचलेलं घर क्षणात दुसऱ्याच कुणाचं तरी झालं.

रात्रीतून चित्र पुन्हा छापून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा निघाला. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, हुबेहूब. नाजिया पहिल्या गाडीने नांदेडला गेली होती. किशनराव फाटकावरच थांबले.

सगळे चहाला पांगल्यावर उमाबाई भिंतीला हात लावत आल्या. चित्रावर तळवा फिरवला, गुळगुळीत कापडाखेरीज त्यांना काही लागलं नाही. मग त्यांनी शेजारचा हात चाचपला. नेहमीच्या त्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला होता.

"सिंधुबाई, तुमचं मौन हाय, ठावं हाय मला. बोलू नका." त्या अगदी हळू म्हणाल्या. "उजव्याच दंडाला हाय न्हवं? नुसता हात दाबा."

सिंधुताईंनी समोर बघितलं. सान्यातलं चांदणं चुकीच्या बाजूने उतरत होतं. पोर चुकीच्या कुशीवर निजली होती.

त्यांनी हात दाबला.

उमाबाईंनी सुस्कारा सोडला. "झालं तर," त्या म्हणाल्या. "देवाला दिसलं."